वऱ्हाडातून परदेशी एमएस : चौकातल्या गप्पा आणि कागदावरचे नियम

अमरावतीचा राजकमल चौक असो की अकोल्याची जठारपेठ, शेवटच्या वर्षातल्या पोरांमध्ये एमएसचा विषय निघाला की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणाचा मामेभाऊ टेक्सासात, कुणाच्या शेजाऱ्याची मुलगी म्युनिकला. त्यांच्यावरून ऐकलेल्या गोष्टी पुढे सरकतात आणि त्यांचेच नियम होतात. त्यामुळे एक साधी गोष्ट निसटते. प्रवेश देतं विद्यापीठ आणि व्हिसा देतं त्या देशाचं सरकार. दोघांचे प्रश्न वेगळे आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

गैरसमज : "आपल्या कॉलेजले तिकडं कोन ओळखते?"

कॉलेज बडनेऱ्याचं असो की शेगावचं, पदवीवर नाव असतं ते १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाचं, म्हणजे आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचं. परदेशी विद्यापीठ आधी पाहतं की पदवी देणारं विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का आणि अभ्यासक्रम किती वर्षांचा होता. गुण, विषय, प्रकल्प आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रं त्यानंतर येतात. आणि वऱ्हाडातून तिकडे शिकायला जाणं काही नवं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख १९२० मध्ये विलायतेला गेले, एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकले आणि बॅरिस्टर होऊन परतले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे.

अडचण येते ती वर्षांची. बीई, बीटेक आणि बीएस्सी कृषी या पदव्या चार वर्षांच्या असल्याने निभावतं. तीन वर्षांच्या बीएस्सी किंवा बीकॉमवर ब्रिटनमध्ये मास्टर्सला प्रवेश मिळू शकतो, अमेरिकेतली अनेक विद्यापीठं मात्र चार वर्षांची पदवी मागतात. अर्जाची फी भरण्याआधी ही अट वाचलेली बरी.

जर्मनीचं गणित आणखी निराळं. तिथे १ हा सर्वांत चांगला गुण. कमाल १० आणि उत्तीर्णतेला ४ अशी मोजपट्टी असेल, तर आपला ८ सीजीपीए तिथल्या सूत्रानुसार २.० होतो. शिवाय १ नोव्हेंबर २०२२ पासून बहुतेक भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं. त्यात गुणपत्रिकांची खातरजमा होते आणि तिला वेळ लागतो.

गैरसमज : "आयईएलटीएस पास झालो म्हणजे झालं"

इंग्रजीच्या या परीक्षेत पास-नापास नसतंच. शून्य ते नऊ असे बँड मिळतात आणि किती पुरेत हे प्रत्येक विभाग ठरवतो. एकूण ६.५ असूनही लेखनात ५.५ पडल्यामुळे अर्ज अडू शकतो, कारण कित्येक ठिकाणी चारही भागांची किमान मर्यादा वेगळी असते. हा निकाल दोन वर्षं चालतो, जीआरई या प्रवेशासाठीच्या दुसऱ्या परीक्षेचा पाच वर्षं. जीआरई सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांहून कमी वेळाची झाली आहे आणि अनेक विभागांनी ती ऐच्छिक केली आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं म्हणून प्रवेश किंवा व्हिसा नाकारला जात नाही. प्रश्न आजच्या इंग्रजीचा असतो.

गैरसमज : "वीस एकराचा सातबारा हाये, पैशाचं काय टेन्शन?"

वऱ्हाडातली सर्वांत महागडी चूक हीच. सातबारा मालकी सांगतो, हातातली रक्कम नाही. अमेरिकेचं विद्यापीठ आय-२० हा दाखला देण्याआधी किमान पहिल्या वर्षाच्या खर्चाइतकी, लगेच वापरता येईल अशी रक्कम पाहतं. ब्रिटनमध्ये लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. मध्ये एक दिवस जरी ती खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कापूस-सोयाबीनचा पैसा हंगामात येतो आणि तितक्याच लवकर जातो, म्हणून शेतकरी घरांनी हे दिवस आधीच धरून चालावं. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतांश ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, तरी राहण्याखाण्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो (२०२५ चा आकडा) बंद खात्यात आधी ठेवावे लागतात. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात तर भारतीयांना सत्राला १,५०० युरो शुल्कही आहे.

मग शेत तारण ठेवून कर्ज? तिथेही गाडी अडते. कर्ज थकल्यास कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला, पण कलम ३१ नुसार शेतजमीन त्यातून वगळली आहे. त्यामुळे मोठ्या शैक्षणिक कर्जासाठी बँका सहसा घर, बिगरशेती (एनए) प्लॉट किंवा मुदत ठेव मागतात. कर्जाचं मंजुरीपत्र मात्र आय-२० साठी चालतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपही आहे. उत्पन्नाच्या आणि जागतिक क्रमवारीच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात.

गैरसमज : "एजंटची सेटिंग असली की व्हिसा पक्का"

अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाचा निर्णय मुलाखत घेणारा अधिकारी करतो. अर्जदार तिथेच राहायला चालला आहे, असं कायदा आधी गृहीत धरतो आणि तसं नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं असतं. हाच अभ्यासक्रम का, पैसा कुठून, पुढे काय, या प्रश्नांना पाठ केलेली उत्तरं उपयोगी पडत नाहीत. नकार मिळाला तर २०२५ च्या दराने भरलेले १८५ डॉलर परत येत नाहीत, पण तो नकार जन्मभराचा नसतो. पुन्हा अर्ज करता येतो. खोटी बँक स्टेटमेंट किंवा बनावट अनुभवपत्र सापडलं, तर मात्र अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

गैरसमज : "आय-२० आली, म्हणजे विद्यापीठ खरं"

कॅलिफोर्नियातली ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटी २०११ मध्ये छाप्यानंतर बंद पडली आणि तिथले शेकडो भारतीय विद्यार्थी अडचणीत आले. मिशिगनची फार्मिंग्टन युनिव्हर्सिटी तर अमेरिकी स्थलांतर खात्यानेच लावलेला सापळा होता. तिथे वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते, तरी कागद मिळत होते. २०१९ मध्ये तो उघड झाला तेव्हा अटक झालेल्या विद्यार्थ्यांत बहुसंख्य भारतीय होते. वर्गात न बसता नोकरीची सोय सांगणाऱ्या संस्थेपासून लांब राहावं.

गैरसमज : "पार्टटाइम करून फी निघते"

अमेरिकेत सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं आणि पहिल्या वर्षी बाहेर काम करणं हे नियमभंग ठरतं. ब्रिटनमध्येही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सत्रात साधारण २० तासांचीच मुभा आहे. एवढ्यात किराणा आणि भाड्याला हातभार लागतो, फी निघत नाही.

शेवटी एक खास आपल्याकडची अडचण. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर मांडणी वेगळी. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी पडताळणी लांबते. म्हणून तिसऱ्या वर्षातच पासपोर्ट काढावा, नावं जुळवून घ्यावीत आणि ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात अर्ज टाकावा. शुल्क आणि अटी दरवर्षी बदलतात. अर्ज भरण्याच्या आठवड्यात संबंधित विद्यापीठाचं आणि दूतावासाचं अधिकृत संकेतस्थळ स्वतः उघडून वाचा, मामेभावाला नंतर विचारा.