आघाडीचा खेळाडू ‘पुरेसा’ आहे काय? : कोल्हापूरच्या फुटबॉलमधील एका वादाचे विवेचन

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला म्हणजे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर, आणि सामना संपल्यानंतर मंगळवार पेठ, शिवाजी पेठ या भागांतील कट्ट्यांवर, एक प्रश्न हटकून उपस्थित होतो : आपल्या संघाचा आघाडीचा खेळाडू त्या जागेला खरोखर लायक आहे काय? पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांपैकी कोणत्याही संघाचा चाहता या वादातून सुटलेला नाही. वाद वरवर पाहता केवळ करमणुकीचा आहे. परंतु संघाची निवड करणारी मंडळीही बहुधा त्याच पेठेत वावरतात व तीच चर्चा ऐकतात. पुढील हंगामात पेठेतील मुलाला ठेवावयाचे की बाहेरून खेळाडू आणावयाचा, याचा निर्णय पुष्कळदा या चर्चेच्या वातावरणातच होतो. विशीतील एखाद्या तरुणाचे खेळाडू म्हणून भवितव्य ज्या पुराव्यावर ठरते तो पुरावा कितपत भक्कम असतो, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

या वादाचे स्वरूप समजण्यासाठी प्रथम संघांच्या नावांकडे लक्ष दिले पाहिजे. यांतील अनेक संघ ‘तालीम’ या नावाने ओळखले जातात, आणि तालीम ही मुळात कुस्तीची संस्था होय. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) कोल्हापुरात मल्लविद्येला जो राजाश्रय मिळाला, त्याचे खासबाग मैदान हे आजही उभे असलेले स्मारक आहे. पुढे त्याच पेठांतून, त्याच तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ मैदानात उतरले. खेळ बदलला, परंतु प्रेक्षकाने खेळाडूला जोखण्याचे माप मात्र आखाड्यातलेच राहिले असावे, असे मानण्यास जागा आहे. कुस्तीचा फड कोल्हापुरातील असो की परभणी जिल्ह्यातील बोरीसारख्या गावच्या जत्रेतील असो, निकालाची रीत एकच असते. दोन मल्ल समोरासमोर येतात. एकाची पाठ मातीला लागते. जिंकले कोण व हरले कोण याविषयी शंका उरत नाही. कुस्ती बरोबरीत सुटली तरी ती त्या दोघांचीच. यशाचा धनी एक आणि अपयशाचाही एकच.

फुटबॉलमध्ये असा एकच धनी शोधावयाचा झाल्यास दृष्टी साहजिकच आघाडीच्या खेळाडूवर स्थिरावते, कारण गोल बहुधा त्याच्या पायाने होतो आणि हुकतोही त्याच्याच पायाने. बचावपटूची चूक दुसरा बचावपटू किंवा गोलरक्षक झाकू शकतो. आघाडीच्या खेळाडूची चूक झाकणारा त्याच्या पुढे कोणीही नसतो. म्हणून ‘सामना त्याने घालविला’ हे वाक्य त्याच्याविषयी जितक्या सहज उच्चारले जाते तितके मधल्या फळीतील खेळाडूविषयी उच्चारले जात नाही.

वस्तुतः गोल ही अत्यंत दुर्मिळ घटना आहे, आणि सर्व गोंधळाचे मूळ येथे आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप या गृहस्थाने मार्च १९५० पासून सामन्यातील प्रत्येक चालीची टिपणे ठेवण्यास आरंभ केला. पुढे १९६८ मध्ये बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञाच्या सहकार्याने त्याने जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात गोलच्या दिशेने मारलेल्या सुमारे दहा फटक्यांमागे एक गोल होतो, असे प्रमाण आढळून आले. खेळाची पद्धत तेव्हापासून कितीतरी बदलली, तरी हे प्रमाण आजही त्याच्याच आसपास राहिले आहे. दहांतील नऊ वेळा अपयश हा या कलेचा नित्यक्रम होय. फलंदाज दहांतील नऊ चेंडूंवर धाव काढीत नसेल तर त्यास नावे ठेवणे वाजवी ठरेल. आघाडीच्या फुटबॉलपटूस तोच न्याय लावता येणार नाही.

आता थोडा हिशेब करू. समजा, एखाद्या खेळाडूची खरी योग्यता दर दोन सामन्यांस एक गोल अशी आहे, आणि हंगामात त्याला १६ सामने खेळावयास मिळतात. त्याच्याकडून ८ गोलांची अपेक्षा करणे योग्य होईल. परंतु दुर्मिळ घटनांच्या संख्येला लागू पडणारे प्वासाँचे वितरण येथे योजले, तर असे दिसते की त्याच्या योग्यतेत तिळमात्र फरक न पडताही सुमारे १९ टक्के हंगामांत त्याचे गोल पाच किंवा त्याहून कमी भरतील. लागोपाठ चार सामने कोरडे गेले की पेठेत चुळबुळ सुरू होते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. या खेळाडूच्या बाबतीत चार सामन्यांचा असा किमान एक दुष्काळ एका हंगामात येण्याची संभवनीयता जवळजवळ ६४ टक्के येते. म्हणजे तो न येणे हाच अपवाद!

तुलनेचा प्रश्न याहूनही बिकट आहे. प्रतिस्पर्धी तालमीच्या खेळाडूची खरी योग्यता १६ सामन्यांत ६ गोलांची, म्हणजे पहिल्याच्या तीनचतुर्थांश आहे, असे धरू. हा फरक लहान नव्हे. तरीही सुमारे चार हंगामांतून एका हंगामात हा दुसरा, वस्तुतः कमी योग्यतेचा, खेळाडू पहिल्यापेक्षा अधिक गोल करून जाईल. त्या वर्षी कट्ट्यावर जो निष्कर्ष निघेल तो आत्मविश्वासाने मांडला जाईल आणि चुकीचा असेल. सर्व सामने स्वतंत्र व सारख्याच अवघड स्वरूपाचे आहेत, असे येथे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात प्रतिस्पर्धी संघांचे बळ, मैदानाची स्थिती, दुखापती यांमुळे चढउतार अधिकच होतात. तेव्हा वरील आकडे चाहत्याच्या बाजूने झुकते माप देणारेच आहेत.

एवढ्यावरून प्रेक्षकाची नजर निरुपयोगी आहे असे मात्र सिद्ध होत नाही. तो गोलांखेरीज आणखी काही पाहत असतो. प्रश्न एवढाच की जे पाहतो त्यातील काय लक्षात ठेवतो. रिकाम्या गोलसमोर हुकलेला फटका वर्षानुवर्षे स्मरणात राहतो. परंतु तो फटका मारण्यासाठी बचावपटूच्या पाठीमागून अचूक क्षणी तेथे पोहोचणे हे ज्या कौशल्याचे काम आहे, ते त्याच हुकलेल्या फटक्याने झाकले जाते. जो खेळाडू संधीच्या जागी पोहोचतच नाही त्याच्या नावावर संधी दवडल्याचा आरोपही येत नाही. ‘याने किती संधी घालविल्या’ ही संख्या म्हणूनच एकटीने निरर्थक होय; एकूण किती संधी मिळविल्या हा छेद तिच्याखाली घातल्यावरच तिला अर्थ येतो. हा छेद विसरण्याचा दोष केवळ सामान्य चाहत्याचा आहे असेही नाही. बहुसंख्य गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात, या निरीक्षणावरून खुद्द रीपने लांब फटक्यांच्या खेळाचा पुरस्कार केला. परंतु सामन्यातील बहुतेक सर्व चाली मुळातच तितक्या आखूड असतात, ही गोष्ट त्याने पुरेशी विचारात घेतली नाही, असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले.

गेल्या काही वर्षांत रूढ झालेली ‘अपेक्षित गोल’ ही कल्पना हाच छेद अधिक काटेकोरपणे मोजण्याचा प्रयत्न होय. प्रत्येक फटका कोणत्या अंतरावरून, कोणत्या कोनातून, पायाने की डोक्याने मारला हे पाहून, तशा हजारो फटक्यांपैकी किती गोलांत गेले यावरून त्याची किंमत ठरवितात. पेनल्टीची किंमत सुमारे पाऊण गोल येते, तर दुरून मारलेल्या फटक्याची कित्येकदा एक विसांश गोलही येत नाही. या मापाने पाहता ‘पुष्कळ चुकविणारा’ खेळाडू अनेकदा ‘पुष्कळ मिळविणारा’ ठरतो.

दुसरी बाब इतर दहांची. २०१७ मध्ये भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेसाठी निवडलेल्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा आघाडीचा खेळाडू होता. साहजिकच त्या दिवसांत शहराचे सारे लक्ष त्याच्या पायांकडे होते. भारताने अमेरिका, कोलंबिया व घाना यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने गमावले आणि तिन्हींत मिळून एकच गोल केला. तो कोलंबियाविरुद्ध, ९ ऑक्टोबर रोजी दिल्लीत, कॉर्नर किकवरून मधल्या फळीतील जॅक्सन सिंगने डोक्याने केला. या स्पर्धेवरून आघाडीच्या खेळाडूंची परीक्षा झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. ज्या संघाकडे चेंडूच फार काळ राहत नाही, त्या संघाच्या आघाडीवर जगातील कोणीही उभा केला तरी तो बराच वेळ उभाच राहणार. तालमींच्या सामन्यांतही हे लागू आहे. बगलेवरून चेंडू वेळेवर येतो की नाही, मधली फळी मान वर करून पाहते की नाही, यांवर आघाडीच्या खेळाडूचे निम्मे यश ठरते. शिव्या मात्र अखंड त्याच्याच वाट्याला येतात.

तिसरी बाब शब्दाची. ‘पुरेसा’ हे विशेषण सापेक्ष आहे. कोणाच्या तुलनेत, हे सांगितल्याखेरीज त्यास आशय नाही. एक चाहता मनात आदर्श खेळाडू ठेवून बोलतो, दुसरा गतवर्षीच्या खेळाडूला स्मरून, तिसरा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेल्या मुलाकडे पाहून. तिघेही एकच शब्द वापरतात आणि म्हणून तिघांचे कधीच पटत नाही. संघाच्या दृष्टीने खरा प्रश्न तिसऱ्याचा होय : त्याच्या जागी प्रत्यक्षात कोण उपलब्ध आहे? राष्ट्रीय संघाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये ९४ आंतरराष्ट्रीय गोलांनिशी निवृत्त झाला. त्या वर्षी भारताला एकही सामना जिंकता आला नाही. मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्यास पुन्हा पाचारण करण्यात आले, आणि शिलाँग येथे मालदीवविरुद्ध त्याने आणखी एक गोल केला. चाळीस वर्षांचा खेळाडू आदर्श आहे काय, असा प्रश्न विचारला असता उत्तर नकारार्थी आले असते. निवड करणाऱ्यांपुढील प्रश्न तो नव्हता.

बदललेल्या खेळाडूच्या यशाचेही असेच आहे. दुष्काळाच्या अखेरीस आघाडीचा खेळाडू बदलला जातो, नवा पहिल्याच सामन्यात गोल करतो, आणि ‘आम्ही सांगतच होतो’ असे सारी पेठ म्हणते. परंतु दुष्काळ हा बव्हंशी योगायोगाचा असेल, तर जुना ठेवला असता तरीही पुढील सामन्यांत गोल पुन्हा नेहमीच्या प्रमाणात येऊ लागले असते. हे पडताळून पाहण्याची सोय नसते, कारण जुना तोपर्यंत बाकावर बसलेला असतो.

या परिस्थितीत तालमीस हाती घेता येण्यासारखा उपाय अगदी साधा आहे. वही-पेन्सिल घेऊन दोघांनी प्रत्येक सामन्यात आघाडीच्या खेळाडूचे फटके मोजावेत, जागा आखून नोंदवाव्यात, आणि त्याच्यापर्यंत पेनल्टी क्षेत्रात किती चेंडू पोहोचले तेही लिहावे. रीपने याहून अधिक साधने वापरली नव्हती. दहा फटक्यांस एक गोल हे प्रमाण धरल्यास १६ सामन्यांत ८ गोल करणारा खेळाडू सुमारे ८० फटके मारील. ८ या संख्येतील यादृच्छिक चढउतार तिच्या सुमारे ३५ टक्के असतो; ८० मधील सुमारे ११ टक्केच. अर्थात फटके मोजून केवळ तो संधीपर्यंत पोहोचतो की नाही एवढेच कळते. मिळालेल्या संधीचे गोल करण्यात तो इतरांहून सरस आहे की नाही, हे कळण्यास अनेक हंगामांची नोंद लागते, आणि तोवर थांबण्याइतका धीर तालमींपाशी क्वचितच असतो.