हिंगणघाटची सून आणि आमचे एसेमेस

"हे आंघोळीले गेले का फोन माह्या हाती लागते. तवाच टाकतो मी वैशालीले मत!"

कुरड्यांचा सोऱ्या दाबता दाबता आमच्या गल्लीतली एकजण म्हणाली आणि गच्चीवर एकच हशा पिकला. २००९ चा मार्च महिना होता. वणीचं ऊन तापायच्या आत कुरड्या घालून मोकळं व्हायचं, म्हणून आम्ही सात-आठजणी पहाटेच गच्चीवर जमलो होतो. एरवी अशा वेळी विषय असतात सासूचे, सुनांचे, नळाला पाणी किती वाजता आलं याचे. त्या वर्षी मात्र विषय एकच होता. हिंगणघाटची वैशाली काल काय गायली आणि तिला मतं किती पडतील!

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या पुष्कळजणींना आठवत असेल. झी टीव्हीवर 'सारेगमप चॅलेंज २००९' हा हिंदी कार्यक्रम चालू होता. देशभरातून निवडून आलेले गाणारे, आदित्य नारायणचं सूत्रसंचालन आणि समोर शंकर महादेवन, कैलाश खेर, आदेश श्रीवास्तव, प्रीतम अशी मातब्बर मंडळी. त्यात आपली वैशाली माडे. अमरावती जिल्ह्यातल्या खारतळेगावची लेक, हिंगणघाटची सून. झी मराठीवरचं 'सारेगमप' जिंकून ती तिथे पोचली होती. वणीहून वरोरा मार्गे नागपूरला जाताना जामच्या चौकात हिंगणघाटची पाटी दिसते, तेवढं ते गाव आपल्या ओळखीचं. त्या गावची बाई मुंबईच्या झगमगाटात उभी राहून हिंदी गाणी म्हणते, याचंच आधी अप्रूप.

पण खरं सांगू? फक्त विदर्भाची म्हणून आम्ही तिच्यामागे लागलो नव्हतो. ती लग्न झालेली होती. एका लहान मुलीची आई होती. टीव्हीवर गाणाऱ्या मुली आम्ही तोवर बऱ्याच पाहिल्या होत्या. कॉलेजात जाणाऱ्या, मोकळ्या केसांच्या, वडील सोबत आलेल्या. सून पाहिली नव्हती. गच्चीवर सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता आणि शेवटी एका काकूंनी तो विचारलाच, "बाप्पा, इतके महिने हे मुंबईले, मंग पोरीले सांभायते कोण?"

या प्रश्नावर जितकी चर्चा झाली तितकी तिच्या सुरांवरसुद्धा झाली नसेल. कोणी म्हणे आई, कोणी म्हणे सासू, कोणी म्हणे नवराच. उत्तर आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हतं. पण प्रत्येकीने जे उत्तर दिलं ते तिच्या स्वतःच्या घरचं होतं, हे मला फार नंतर कळलं. जिची आई जवळ होती ती म्हणाली आई. जिची सासू प्रेमळ ती म्हणाली सासू. आणि "नवरा" म्हणणारी फक्त एकच निघाली, तीही नवीन लग्न झालेली!

आता मतांचं. मत द्यायचं तर एसेमेस करायचा आणि एसेमेस करायचा तर मोबाइल हवा. आज पाचवीतल्या पोराच्या हातात फोन असतो, त्यामुळे पटणार नाही, पण तेव्हा आमच्या गल्लीत बाईचा स्वतःचा मोबाइल म्हणजे अपवादच. माझ्याकडे होता, तो बचत गटाच्या कामासाठी बँकेत नि पंचायत समितीत फोन करावे लागत म्हणून. बाकीच्यांच्या घरी फोन एक, तो घरधन्याच्या खिशात. सकाळी तो कामावर निघाला की फोनही निघाला, खाणीवर नाहीतर जिनिंगमध्ये. म्हणजे गंमत बघा, जी स्पर्धा आम्ही बायका बघत होतो, जिच्यात एक बाई जिंकावी म्हणून जीव टाकत होतो, तिच्यात मत द्यायला मात्र पुरुषाच्या खिशात हात घालावा लागत होता.

मग त्यातून युक्त्या निघाल्या. कोणी नवरा आंघोळीला गेल्यावर मेसेज टाकी, कोणी भाच्याला चहा-पोहे देऊन कामाला लावी. एकीच्या नवऱ्याला महिनाअखेर कळलं की बॅलन्स इतका भराभर कुठे जातो. तो चिडला. दोन दिवस घरात अबोला झाला आणि तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "आज आहे का तुझ्या वैशालीचं गाणं?" सगळ्या घरी मात्र असा शेवट गोड झाला नाही. एका घरी वरणाची वाटी भिंतीवर आपटली गेली. त्या बाईने पुढे आमच्यात बसणंच बंद केलं. तिला विचारायला गेले तर म्हणाली, "गाण्यापायी कोण तमाशा करून घेईन ताई?"

त्या एसेमेसचे पैसे साध्या एसेमेसपेक्षा जास्त कापले जात, हे आमच्या हळूहळू लक्षात आलं. त्या पैशांत मोबाइल कंपनीचा वाटा असतो, वाहिनीचाही असतो, हे तर बरंच उशिरा. गटाच्या बैठकीत एकीने सुचवलं की आपल्या शिलकीतून पन्नास रुपयांचं रिचार्ज मारू आणि सगळ्यांच्या वतीने मतं टाकू. मी नाही म्हटलं. गटाचा पैसा कर्जासाठी असतो, गाण्यासाठी नाही, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यावर ती पटकन म्हणाली, "मंग आमच्या मनासाठी कोणता पैसा असते, ते सांग." मला उत्तर सुचलं नाही. शेवटी प्रत्येकीने आपापले दोन-दोन रुपये काढले, माझ्याच फोनवर रिचार्ज मारलं आणि माझ्याच फोनवरून मतं गेली. हिशेबाच्या वहीत अर्थातच नोंद नाही!

हे मतांचं प्रकरण या कार्यक्रमात पहिल्यापासून नव्हतं. १९९५ साली झी टीव्हीवर 'सारेगम' सुरू झालं तेव्हा सोनू निगम सूत्रसंचालक होता आणि निकाल जाणत्या परीक्षकांच्या हाती असायचा. श्रेया घोषाल, आपली बेला शेंडे ही त्याच कार्यक्रमातून पुढे आलेली नावं. प्रेक्षकांच्या मताला मोठा भाव आला तो २००५ च्या सुमारास. त्या वर्षी अभिजीत सावंत हा आपला मराठी मुलगा पहिला 'इंडियन आयडॉल' झाला, तोही लोकांच्या मतांवर. त्याच वर्षीच्या 'सारेगमप'मध्ये आसामच्या देबोजित साहामागे त्याचा सारा प्रांत उभा राहिला. २००७ मध्ये दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगसाठी तिकडच्या डोंगराळ भागाने मतांचा पाऊस पाडला. तेव्हा "लोक गाणं ऐकून मत देतात की गाव बघून?" असा वाद पेपरांतून रंगला होता. २००९ मध्ये आम्हीही तेच केलं, हे कबूल करायला हवं. गाव बघूनच मतं दिली. माझी लेक तेव्हा दुसरीत होती. तिला यशिता शर्मा आवडायची. "आई, ती पण छान गाते ना?" असं तिने विचारलं की मी म्हणायची, "गाते गं, पण ती काय आपली आहे का?" आता आठवलं की ओशाळायला होतं. यशिता खरंच छान गायची.

कार्यक्रम बघणं हीसुद्धा एक कसरतच होती. भारनियमनाचे दिवस. लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. गल्लीत इन्व्हर्टर दोन घरी, त्यातल्या एका घरी बायका भाजी चिरायला घेऊन, पोरं कडेवर घेऊन जमायच्या. बॅटरी कमी म्हणून पंखा बंद आणि टीव्ही चालू! घामाने निथळत, हातातल्या पेपराने वारा घेत आम्ही लावणी ऐकली, गझल ऐकली, कव्वाली ऐकली. अंतिम फेरीत वैशालीसमोर यशिता आणि सौमेन नंदी होते. निकालाच्या वेळी इन्व्हर्टरने मान टाकली. अंधारात बसून राहिलो. मग कोणाच्या तरी भावाचा हिंगणघाटहून फोन आला आणि फोनमधून आधी फटाकेच ऐकू आले.

त्याच वर्षी, ८ फेब्रुवारीला, मराठी 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'चा निकाल लागला होता. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. तिच्यासोबत लातूरचा रोहित राऊत, अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर आणि रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे. पल्लवी जोशीने त्या पोरांना जे सांभाळलं त्याला तोड नाही. या 'पंचरत्नां'बद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी नव्याने काय सांगू? कार्तिकीने मात्र आमच्या भजनी मंडळाचं एक काम केलं. ती वडिलांकडून शिकलेले अभंग, गौळणी त्या मंचावर खणखणीत आवाजात म्हणायची आणि परीक्षक दाद द्यायचे. आमच्या मंडळातल्या बायका वर्षानुवर्षं एकादशीला, रंगनाथ स्वामींच्या देवळात, कोणाच्या बारशाला हेच म्हणत आल्या होत्या. पण त्याला 'गाणं' कोणी म्हणत नव्हतं. 'भजन म्हणते' एवढंच. गाणं ते टीव्हीवरचं. त्या हिवाळ्यात पहिल्यांदा एका म्हाताऱ्या सासऱ्यांनी सुनेला म्हटलं, "तुमचं गाणं कधी हाय आज?"

ती सून म्हणजे आमच्या मंडळाचा आवाज. तिचं नाव लिहीत नाही, गल्लीतल्या ओळखतील. माहेरी शाळेत असताना तालुक्याला बक्षीस मिळवलेली, लग्नानंतर फक्त भजनात उरलेली. २००९ च्या नवरात्रात वॉर्डातल्या मंडळाने गाण्याची स्पर्धा ठेवली. सिनेगीतांची. तिचं नाव मी न विचारताच घातलं आणि मग घाबरले. घरी काय म्हणतील? भजन वेगळं, माइक धरून सिनेमाचं गाणं वेगळं. तिचा नवरा गप्प बसला. सासरे म्हणाले, "लोक काय म्हणतीन?" आणि ज्यांची सगळ्यांत धास्ती होती त्या सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नि म्हणाल्या, "काय म्हणतीन? ते वैशाली बी सूनच हाय नं कोनाची! पोरं मी पाहतो. जाऊ द्या तिले."

गच्चीवरच्या आमच्या प्रश्नाचं उत्तर असं सहा महिन्यांनी एका चुलीपाशी मिळालं.

नंबर आला का? नाही आला. ट्रॅक तिच्या पट्टीत नव्हता, वरच्या सुरावर आवाज चिरला, मध्येच ती शब्द विसरली. खाली उतरून रडली. दुसऱ्या वर्षी परत उभी राहिली, तेव्हा उत्तेजनार्थ मिळालं, स्टीलचा डबा. पुढे पेटी शिकायची म्हणून शिकवणी लावली, ती चार महिने चालली. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. शिकवणी सुटली ती सुटलीच. सासूबाईंनी जे सांभाळलं होतं ते आता तिला सांभाळायचं होतं, त्यांच्यासकट.

अशा वेळी वाटतं, टीव्हीवरच्या त्या एका रात्रीने नक्की बदललं काय? वैशाली माडेंचं पुढे चांगलं झालं. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'मधलं 'पिंगा' त्या श्रेया घोषालसोबत गायल्या. २०२३ च्या 'लिटिल चॅम्प्स'मध्ये त्या सुरेश वाडकर आणि सलील कुलकर्णी यांच्या शेजारी परीक्षकाच्या खुर्चीत होत्या. ते पर्व जिंकलेली कोपरगावची मुलगी आपलं नाव गौरी अलका पगारे असं लावते, मध्ये आईचं नाव. मी ते ऐकलं तेव्हा हातातलं काम थांबलं. पण एक वैशाली पोचली म्हणून प्रत्येक गल्लीतली पोचते असं नाही. इकडे शिकवणी देणारा मिळत नाही, मिळाला तर वेळ मिळत नाही. लहान पोरांना घेऊन ऑडिशनला धावणाऱ्या आया-बापांचाही एक नवा त्रास सुरू झाला. आठ वर्षांच्या पोराला "तुझं गाणं घरी बसवलंस" म्हणून रागावणारा बाप मी याच गावात पाहिला आहे. टीव्हीवर काम करणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय बालहक्क आयोगाला मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या, त्या उगीच नाही. घरातल्या बापासाठी कोण काढणार?

आता आमच्या मंडळातल्या सगळ्यांकडे स्वतःचा फोन आहे. मत द्यायला कोणाच्या आंघोळीची वाट बघावी लागत नाही, पण सगळ्या जमून बघायचा कार्यक्रमही राहिला नाही. ज्याची त्याची खोली, ज्याचा त्याचा फोन. इन्व्हर्टर घरोघरी आले, पंखाही चालतो!

तिच्या सासूबाई गेल्याला दीड वर्ष झालं. वर्षश्राद्ध उरकल्यावर ती पुन्हा मंडळात यायला लागली. मधल्या काळात आवाज जाडसर झालाय, पण भारदस्तही. परवा भल्या पहाटे माझ्या व्हॉट्सॲपवर तिचा आवाज येऊन पडला. गौळण होती, मागे कुकरची शिट्टी होती. खाली लिहिलं होतं, "ताई, गुरुवारी पेटीवाल्या काकूले सांगून ठेवजा. काळी चारमधी धरा म्हणा. पाचमधी माहा आवाज चिरते."