पालाची सावली आणि वाऱ्याचा हिशेब

मराठवाड्यातील ढोकी गावाचे नाव निघाले की साखर कारखाना आणि रेल्वेचे स्थानक आठवते. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय तेथल्या बाजारतळावरचा आहे. निजामी अंमलात तहबाजारी, म्हणजे बाजारात बसण्याचा कर, भरून बसणाऱ्या मराठवाड्यातील बाजारकऱ्यांनी ज्या बांबूच्या, गोणपाटाच्या आणि पुढे ताडपत्रीच्या पालांखाली पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळे काढले, त्यांची जागा आता ओढताच उलगडणारे, चार पायांचे घडीचे छत घेऊ लागले आहे; आणि सुटीत कोकणच्या किनाऱ्यावर जाणारे कुटुंबही हेच छत गाडीच्या टपावर बांधून नेते. असे छत टिकाऊ कोणते, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटला तरी त्यात पदार्थविज्ञानाचे बरेच मर्म साठलेले आहे.

गिऱ्हाईक दुकानात कापड चाचपून पाहते, रंग पाहते आणि भाव करते. वाऱ्याविषयी मात्र ते सहसा विचारत नाही. वस्तुतः सूर्य छताला संथपणे जीर्ण करतो, तर वारा त्याचा निकाल क्षणात लावतो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे ६० न्यूटन दाब देतो. म्हणजे तीन मीटर लांब-रुंद छतावर, ढोबळ हिशेबाने, ५५ किलो वजनाइतका जोर येतो. वेग दुप्पट झाला की हाच जोर चौपट, म्हणजे २२० किलोंच्या घरात जातो. शिवाय छताखाली शिरलेला वारा कोंडून वर रेटतो आणि छतावरून वेगाने जाणाऱ्या वाऱ्यामुळे वरचा दाब घटतो, त्यामुळे संपूर्ण सांगाडाच उचलला जातो. शिखराशी झाकणवजा झडप ठेवलेले छत यासाठीच पत्करावे. तिच्यातून कोंडलेली हवा, आणि तिच्याबरोबर तापलेली हवाही, निघून जाते.

चैत्र-वैशाखात दुपारी उठणारी वावटळ आणि तिच्या मागोमाग येणारा वळीव ही आमच्या भागातील खरी परीक्षा. उंच ढगातून पाऊस पडू लागला की त्यातील काही पाणी वाटेतच वाफ होऊन हवेला थंड करते; ती जड झालेली हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. म्हणूनच पहिल्या थेंबाआधी धूळ येते, आणि धूळ दिसल्यावर छत मिटायला वेळ फारसा उरत नाही.

मेख रोवली म्हणजे भागले, असे मानणाऱ्याने येथली काळी माती पाहावी. ती ओलाव्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्या भेगेत ठोकलेली मेख केवळ उभी असते, धरून काहीच ठेवत नाही. समुद्रकाठची कोरडी वाळू तर त्याहूनही विश्वासघातकी, कारण तिच्या कणांना परस्परांशी चिकटून राहण्याचे काही कारणच नसते. तेथे वाळूने भरलेली पिशवी तणाव्याला बांधून हात-दीड हात खोल आडवी पुरावी, म्हणजे वरच्या वाळूचे सगळे ओझे तिला दाबून धरते. बाजारतळावर प्रत्येक पायाला वीस लिटरचा पाण्याने भरलेला कॅन बांधला तरी ८० किलोंचा जामीन मिळतो. वर सांगितलेल्या ५५ किलोंशी तो ताडून पाहावा. जुने पाल ठेंगणे, सैल आणि उतरते असे, आणि त्याच्या तणाव्यांचा पसारा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत येई. त्या गबाळेपणात जे शहाणपण होते ते नव्या ताठ, उंच छतात राहिलेले नाही, असे माझे मत आहे.

कापडाविषयी बोलताना शेजारच्या तेरचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. प्राचीन तगर ते हेच, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात तेथून भडोचकडे जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. सुती कापड भिजले की तंतू फुगून छिद्रे बुजतात. मात्र ओले राहिले की ते कुजते. पॉलिएस्टर कुजत नाही, पण त्याची जलरोधकता लेपावर अवलंबून असते, आणि अतिनील किरण बहुवारिकांच्या साखळ्या तोडतात म्हणून स्वस्त ताडपत्री एका-दोन उन्हाळ्यांत भुरभुरू लागते. विक्रेता जो डेनियरचा आकडा सांगतो तो ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन होय. धागा जाड असला म्हणजे वीण घट्ट असतेच असे नाही. कापड उजेडासमोर धरून पाहावे. किनाऱ्यावर कोरडी वाळूही सुमारे १५ टक्के अतिनील किरण परतवते, तेव्हा डोक्यावरची सावली पुरेशी समजू नये.

सांगाड्याबाबत थोडक्यात इतकेच, की पोलादी नळीवरचा रंग खरवडला की खारी हवा तेथून शिरकाव करते, आणि ॲल्युमिनियम तांबडे गंजत नसले तरी पोलादी बोल्टजवळ खाऱ्या पाण्यात झिजते. किनाऱ्याहून परतल्यावर गोड्या पाण्याने धुणे अगत्याचे. छत सपाट ताणू नये. एका चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी साचले तरी दहा किलो वजन होते. बहुधा मोडतो तो कात्रीसारख्या पट्ट्यांचा प्लॅस्टिकचा सांधा. हमीपत्राच्या बारीक अक्षरांत वाऱ्याने झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते. तेव्हा मुदत किती सालांची हे विचारण्याआधी, सांधा सुटा मिळतो काय आणि तो रिव्हेटने ठोकला आहे की बोल्टने कसला आहे, हे दुकानदारास विचारावे.