कुपीभर वंगण

शिलाई मशीनच्या खणातली पत्र्याची छोटी कुपी आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी उगीचच वाजवलेली असते. खाली बशीसारखा तळ, वर निमुळती नळी. तळ अंगठ्याने दाबला की ‘टिक’, सोडला की ‘टक’. त्या आवाजापायी आईची बोलणीही खाल्लेली असतात. दाबलेला तळ आपणहून मूळ जागी उसळतो, एवढीच त्या कुपीची यंत्रणा. झिजायला तिच्यात फारसं काही नाहीच. मात्र पत्रा पातळ आणि ताठ हवा. मऊ असेल तर वर्षभरात तळ आत बसतो आणि कुपी मुकी होते. पातळ पत्रा असा आतबाहेर उसळू लागला, मग तो विमानाच्या अंगाचा असो की शेडच्या छपराचा, इंजिनिअर मंडळी त्याला ‘ऑइल कॅनिंग’च म्हणतात. नाव या कुपीवरून पडलेलं.

माझ्याकडे आज अशा लहानमोठ्या एकेचाळीस कुप्या आहेत. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत एक लाकडी बाक, एक व्हाइस, हाताने फिरवायचं ड्रिल आणि भिंतीवर या कुप्यांची रांग. पाहुणे विचारतात, ‘‘कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला हे काय खूळ?’’ खूळ खरं, पण ते लागलं बँकेच्या नोकरीत.

१९८० च्या २ ऑक्टोबरपासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभरच्या सगळ्या विकास गटांत लागू झाला. मी बँकेत लागलो तो त्यानंतरच्या काही वर्षांत, आणि बीड जिल्ह्यातल्या शाखांमध्ये शेळ्या, म्हशी आणि शिलाई मशीनची कर्जं हे आमचं नित्याचं काम होऊन बसलं. शेतमजुराच्या घरी मशीन गेलं तर किमतीचा तिसरा हिस्सा अनुदान, बाकीचं कर्ज, आणि मशीन बँकेकडे नजरगहाण. सहा महिन्यांनी तपासणीला जायचं. रजिस्टरात मशीनचा नंबर, मालकाचा अंगठा आणि ‘मालमत्ता अस्तित्वात आहे’ असा शेरा. मालमत्ता अस्तित्वात असायचीच. तिच्यावर ज्वारीचं पोतं ठेवलेलं असायचं, किंवा कपड्यांची चळत. चाक फिरवून पाहावं तर हलायचं नाही.

‘‘साहेब, आधी नीट पळत होतं. आता जाम झालंय.’’

केज, धारूर, पाटोदा या भागांत अशी जाम मशीन मी इतकी पाहिली की त्यामागचं गणित उमगायला लागलं. घरात तेल असायचं ते करडईचं. मशीन कुरकुरलं की तेच नळीत ओतलं जायचं, आणि पहिले चार दिवस ते छान पळायचंही. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लागायचं. टोळी ऊसतोडीला निघायची, साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे, कुठं पार कर्नाटकात. परतायला चैत्र उजाडायचा. तेवढ्या पाच-सहा महिन्यांत करडईच्या तेलाने आपला गुण दाखवलेला असायचा. करडईचं तेल हवा लागली की हळूहळू सुकतं, चिकट होतं, शेवटी वार्निशसारखा थर धरतं. म्हणून तर ते रंगाच्या कारखान्यातही चालतं. खायला उत्तम, पण सुईच्या दांड्याला आणि शटलला ते म्हणजे डिंक. मशीन जाम, शिलाई बंद, हप्ता थकीत. आमच्या थकबाकीच्या यादीत कारणांचा रकाना होता, त्यात ‘करडई’ लिहायची सोय नव्हती.

जुन्या माणसांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. बैलगाडीच्या साट्याखाली बांबूचा नळा लोंबत असे. त्यात चिंध्या आणि एरंडेल. आसाला घालायला घरातलं करडईचं, जवसाचं तेल सोडून एरंडेलच का? कारण एरंडेल सुकत नाही, दाट असतं आणि दाब सोसतं. १९०९ साली इंग्लंडात वेकफिल्ड कंपनीने आपल्या नव्या इंजिन तेलात एरंडेल मिसळलं आणि ‘कॅस्टर’ या शब्दावरून त्याचं नाव ठेवलं कॅस्ट्रॉल. पहिल्या महायुद्धातली फिरत्या इंजिनांची विमानंही एरंडेलावरच उडत. आपल्या गाडीवानाचं शहाणपण त्या विमानवाल्यांपेक्षा जुनं. चाकं टायरची झाली, बेअरिंगला ग्रीस आलं, नळा गेला आणि त्याच्याबरोबर कोणतं तेल कुठं घालायचं हा विचारही गेला.

शिलाई मशीनला हवं हलकं, पाण्यासारखं मशीन ऑइल, तेही थेंबाने. खरी अडचण या ‘थेंबाने’ शब्दात आहे. शिवणाऱ्या बाया मशीनला तेल घालायला भितात, ते आळसापोटी नव्हे. गिऱ्हाइकाच्या खणावर तेलाचा एक डाग पडला, तर शिलाई बुडतेच, वर कापडाची भरपाई. चोळीचे चार पैसे मिळवायचे आणि खणाचे चाळीस भरायचे, हे कोणाला परवडेल? म्हणजे मशीन टिकणार की नाही, ते कुपीच्या नळीचं टोक किती बारीक आहे यावर ठरतं.

कुपी कशी पारखावी हे मला केजजवळच्या एका खेड्यात कळलं. तिथं शिवणकाम करणाऱ्या बाईंना सगळा गाव अक्का म्हणायचा. त्यांचं मशीन कधी बंद दिसलं नाही, हप्ताही चुकला नाही. कुपी सुतळीने मशीनच्या पायाला बांधलेली. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘‘दुकानदाराला म्हणलं, तेल भरून दे अन् रातभर रद्दीवर आडवी ठिव. सकाळी कागद कोरडा असंल तर पैसे घे.’’ तिसरी कुपी पास झाली म्हणे. त्यानंतर मी जी जी कुपी घेतली, ती आधी रात्रभर वर्तमानपत्रावर झोपवली. रविवारची पुरवणी त्याला उत्तम. कागद जास्त असतो.

अक्का आणखी एक करायच्या. तोडीला जाण्याआधी प्रत्येक भोकात थेंब, मग चिंधी धरून मशीन भरभर पळवायचं, म्हणजे जादा तेल चिंधीवर येतं. वादीला मात्र तेलाचा हात लागू द्यायचा नाही, ती घसरते. मग धडप्यात गुंडाळून मशीन बंद. करडईने जाम झालेलं मशीन सोडवायचं तर रॉकेलचे थेंब, थोडी वाट पाहणं, चाक मागे-पुढे हलवणं, असं दोन-तीनदा; आणि मग स्वच्छ तेल. बरीच मशीनं अशी सुटतात.

मोठ्या कामाला पंपाची कुपी लागते, गॅरेजात दिसते तशी, घोडा दाबायची. ही घेताना माणसं रंग बघतात. बघायचं ते वेगळंच. आतली शोषनळी पार तळापर्यंत पोचते का? नाही तर पावशेर तेल कायम पोटात राहतं. घोडा दोनदा दाबून थांबा. पुढच्या दाबाला लगेच तेल आलं तर आतली गोळीची झडप धड आहे. पाच-सहा दाब कोरडे गेले तर ती कुपी तिथंच ठेवा. झाकणाचे आटे पितळेचे असतील तर बरं. अंग एका पत्र्यातून दाबून काढलेलं असेल तर सर्वांत उत्तम, कारण जिथं सांधा तिथं पाझर. इंग्लंडात लीड्सला ब्रेम नावाची कंपनी १८८८ साली या तेलाच्या कुप्या करण्यासाठीच निघाली, आणि पत्रा दाबून आकार देण्याची विद्या तिने या कामात पक्की केली. लवचीक नळी दिसायला ऐटबाज, पण लेथच्या तेलभोकावर टोक दाबून धरायचं तर ताठ नळीच हवी. लिस्टर धाटणीच्या जुन्या डिझेल इंजिनांच्या रॉकरना हाताने तेल द्यावं लागे; तिथं लांब नळीच हात वाचवायची.

हाताने तेल देणं कंटाळवाणं, आणि चालत्या यंत्रात धोक्याचंही. अमेरिकेत मिशिगन सेंट्रल रेल्वेवर एलायजा मॅकॉय नावाचा कृष्णवर्णीय तरुण एडिंबरोहून इंजिनिअर होऊन आला, तर वर्णामुळे त्याला इंजिनात कोळसा टाकायचं आणि तेल घालायचं काम मिळालं. त्याचे आईवडील केंटकीतल्या गुलामगिरीतून निसटून कॅनडात आलेले. गाडी थांबवायची, कुपी घेऊन उतरायचं, तेल घालायचं, पुन्हा निघायचं. १८७२ मध्ये त्याने वाफेच्या इंजिनाला चालता चालता तेल देणाऱ्या उपकरणाचं पेटंट घेतलं. ज्याच्या हातात कुपी होती, त्यालाच हे सुचलं.

घरच्या खोलीसाठी माझ्या मते तीन कुप्या पुष्कळ. एक टिकटिक मशीन ऑइलसाठी, एक पंपाची इंजिन ऑइलसाठी, तिसरी रॉकेलची, तिच्यावर लाल रंगाचा पट्टा. तेलं एकमेकांत मिसळायची नाहीत. मोटारसायकलचं जळकं काळं ऑइल ‘वाया कशाला घालवा’ म्हणून कुपीत भरणारे भेटतात. त्यातली काजळी आणि धातूचा चुरा बारीक सांध्यांना पॉलिश पेपरसारखा घासतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फुफाटाही तेच करतो, म्हणून नळीच्या टोकाला टोपण हवंच. हरवलं तर सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा तुकडा गाठ मारून चढवावा. नव्या मशीनबरोबर हल्ली बहुधा प्लास्टिकची बाटली येते. तेल किती उरलं ते दिसतं, हा तिचा गुण. पण मे महिन्यात आडवी पडली की आतली हवा फुगते आणि तेल खणभर होतं.

तीन पुरतात तर एकेचाळीस कशाला, हा प्रश्न आमच्या घरीही निघतो. बहुतेक भंगारातून आल्या, किलोच्या भावाने. परळी, अंबाजोगाई, माजलगाव इथल्या भंगारवाल्यांना आता माझी चाल ओळखू येते. बंद पडलेल्या जिनिंगमधल्या, विहिरीवरच्या इंजिनाजवळ गंजलेल्या, एक तर गुऱ्हाळातली, तिला अजून काकवीचा वास येतो. माझा नियम एकच: पुन्हा थेंब टाकू शकेल तीच घ्यायची, शोभेची नको. गंज रॉकेलने सुटतो, पोचा ठोकून निघतो. पंपाचा चामडी वायसर मिळत नाही, तेव्हा एका कुपीला मी स्टोव्हच्या पंपाचा वायसर कातरून बसवला, रात्रभर तेलात भिजवून. दुरुस्त झालेल्या कुप्या मी देऊनही टाकतो, बहुधा शिवणकाम करणाऱ्या बायांना, रद्दीची परीक्षा घेऊन. म्हणून आकडा चाळिसाच्या आसपासच राहतो.

एक कुपी मात्र रांगेत उलटी टांगलेली आहे. जिनिंगमधली, तांब्याची, हातभर नळीची, बुडाच्या सांध्यातून पाझरणारी. असा सांधा चपखल डागून द्यायचा तो स्टोव्ह-कंदील दुरुस्त करणारा. आमच्या बाजारातलं त्याचं दुकान बंद झालं, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. गेवराईला एक जण अजून ते काम करतो असं भंगारवाला म्हणाला. येत्या आठवड्यात जाऊन येणार आहे.