द्वारकेची कृत्रिम हिरवळ आणि तिच्याखालची चिकणमाती

दिल्लीच्या नैर्ऋत्येस दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेले आणि पूर्वी पप्पनकलाँ या नावाने ओळखले जाणारे द्वारका उपनगर ज्या जमिनीवर उभे आहे, ती यमुनेच्या जुन्या गाळाची असून, अरवलीतून येणारी साहिबी नदी जिथे पसरत असे तो नजफगढचा सखल प्रदेश तिला लागूनच आहे. अशा जमिनीत बारीक पोयटा, चिकणमाती आणि चुनखडीचे खडे यांचे थर सापडतात. तळमजल्यावरील अंगणांत या मातीवर अंथरलेल्या कृत्रिम हिरवळीला काही वर्षांत लाटा येतात, सांधे उघडतात, पाणी साचून कुबट वास सुटतो, आणि दोष हिरवळीचा मानून नवा गुंडाळा आणला जातो. पुढच्या पावसाळ्यात तोच उंचसखलपणा नव्या हिरवळीवर उमटतो, कारण बिघाड बहुतेक वेळा खालच्या थरांत असतो.

मातीच्या ज्या कणांचा व्यास ०.००२ मिलिमीटरहून कमी असतो त्यांना चिकणमातीचे कण म्हणतात. त्यांच्यामधील पोकळ्या इतक्या अरुंद असतात की वाळूत तासाला ३० मिलिमीटरहून अधिक पाणी मुरत असताना चिकणमातीत ते जेमतेम १ ते ५ मिलिमीटर मुरते. २८ जून २०२४ रोजी सफदरजंग वेधशाळेत चोवीस तासांत २२८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढा पाऊस अशा अंगणात पडला आणि माती दिवसभर आपल्या कमाल वेगाने पाणी पीत राहिली, तरी फार तर १२० मिलिमीटर जिरेल, आणि उरलेल्या पाण्याला आडवी वाट काढून देण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला चिकणमाती म्हटले की उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन आठवते, पण द्वारकेची माती त्या जातीची नाही. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटाची खनिजे विपुल असतात, ज्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरून ती फुगतात. गंगा-यमुनेच्या गाळात मुख्यतः इलाइट असते, ज्याचे पापुद्रे पोटॅशियमच्या आयनांनी एकमेकांशी जखडलेले असल्यामुळे ते फारसे फुगत नाही. म्हणून तेथील मुख्य अडचण फुगण्यापेक्षा भिजल्यावर मऊ पडण्याची आहे. ओल्या मातीवर थेट खडी टाकलेली असेल, तर पावलांच्या प्रत्येक दाबासरशी खडी खाली रुतते, चिखल तिच्या फटींतून वर चढतो आणि पाणी वाहून नेण्यासाठी घातलेला थर हळूहळू स्वतःच चिखल होऊन बसतो. त्यातच अनेक अंगणे बांधकामाच्या मलब्याने भरलेली असतात, आणि विटा, मुरूम व माती यांचा हा मिश्र भराव जागोजागी वेगवेगळ्या प्रमाणात खचतो.

त्यामुळे दुरुस्तीचा आरंभ निदानापासून व्हावा. हिरवळीची एक कड उचलून खाली पाहिले, की खडी कोरडी व मोकळी आहे की चिखलाने माखलेली, हे कळते. खडी स्वच्छ असूनही पाणी वर साचत असेल, तर मे-जूनच्या आँधीतील बारीक धुळीने हिरवळीच्या पाठीवरची निचऱ्याची छिद्रे बुजलेली असण्याचा संभव मोठा असतो, आणि तेव्हा हिरवळ झाडून धुणे व छिद्रे मोकळी करणे पुरते. केवळ सांधा उघडला असेल, तर खालून सांधपट्टी व पॉलियुरेथेनचा गोंद लावावा; मात्र तंतूंचा कल दोन्ही बाजूंना एकाच दिशेने हवा, नाही तर जोड दुरूनही दिसतो.

खडी चिखलाने माखलेली असेल, तर तळ नव्याने बांधावा लागतो, आणि त्यासाठी ऋतू निवडणे अगत्याचे आहे. १९३३ मध्ये प्रॉक्टर या अमेरिकी अभियंत्याने दाखवून दिले, की दिलेल्या ठोक्यांखाली माती सर्वांत घट्ट बसते ती एका विशिष्ट ओलाव्याला. त्याहून कोरडी माती दबत नाही आणि अधिक ओली माती रोलरखालून बाजूला सरकते. दिल्लीत असा ओलावा पावसाळा ओसरल्यावर मिळण्याची शक्यता अधिक असते. सुमारे १५० मिलिमीटर खोदून, दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार देऊन माती ठोकावी आणि तिच्यावर न विणलेले भूवस्त्र, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण चिखल अडवणारे जाड कृत्रिम कापड, पसरावे. त्यावर बारीक भुकटी नसलेली खडी, वर कचेचा पातळ थर आणि सखल कडेला छिद्रांची नळी येते. सर्व खर्चात स्वस्त असणारे हे कापडच अनेकदा वगळले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

त्या नळीचे पाणी सोसायटीच्या पर्जन्यजल-खड्ड्यात सोडणे सोयीचे वाटले, तरी ते टाळावे. द्वारकेतील अनेक गृहसंस्थांच्या अशा खड्ड्यांतील पाण्यात अमोनियायुक्त नायट्रोजन आढळल्याचा प्रश्न २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे आला होता, आणि पाळीव कुत्र्यांचे मूत्र व झिजलेल्या प्लॅस्टिकचे कण ज्यातून झिरपतात ते पाणी भूजलात जाऊ देण्यासारखे नाही. ते पावसाच्या नाल्याकडे न्यावे, आणि नळीच्या तोंडाशी कण अडवणारी जाळी बसवावी.

तळ बांधताना अंगणाचा काही भाग खऱ्या हरळीला द्यावा, असे सुचवणे योग्य ठरेल. २८ मे २०२४ रोजी जवळच्या नजफगढच्या स्वयंचलित केंद्रावर ४९.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जिवंत गवत पानांतून पाणी बाष्परूपाने सोडून स्वतःला थंड ठेवते, तर पॉलिथिलीनचे तंतू तसे करू शकत नसल्याने त्यांचा पृष्ठभाग कडक उन्हात ६० अंशांच्याही वर जातो आणि लहान मुलांच्या तळव्यांना पोळतो.

जुनी हिरवळ फेकण्यापूर्वी तिचे तंतू नखाने चोळून पाहावेत. ते भुकटी होऊन गळत असतील, तर अतिनील किरणांनी त्यांचे बंध तुटलेले असतात आणि ती बदलणेच बरे. पण तंतू लवचीक असतील, तर तंतूंमध्ये भरलेली वाळू झाडून तीच हिरवळ नव्या तळावर पुन्हा अंथरता येते. पॉलिथिलीनचे तंतू आणि लॅटेक्सची पाठ एकमेकांपासून वेगळी करणे अवघड असल्यामुळे तिचा पुनर्वापर कारखान्यात सहजी होत नाही, आणि टाकून दिलेल्या गुंडाळ्यांसाठी दिल्लीत गाझीपूर, भलस्वा व ओखला येथील कचऱ्याच्या डोंगरांखेरीज फारशी जागा उरत नाही.