दातांतील राळ आणि पेशींचे आवरण

दातातील पोकळी बुजविण्यासाठी आज जी दाताच्याच रंगाची राळ सर्रास वापरली जाते, तिच्या मुळाशी अमेरिकन संशोधक राफेल बोवेन यांनी १९६२ साली पेटंट मिळविलेला बिस-जीएमए हा रेणू आहे. आणि निळ्या प्रकाशाच्या झोतात असे सुटे रेणू, म्हणजे मोनोमर, एकमेकांत गुंफले जाऊन कठीण होत असले, तरी काही अखेरपर्यंत मोकळेच राहतात व हळूहळू बाहेर झिरपतात.

या मोकळ्या रेणूंचे पेशीच्या आवरणाशी घडणारे वर्तन मला विलक्षण मनोवेधक वाटते. स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचे हे आवरण पाण्यात विरघळणाऱ्या बहुतेक पदार्थांना मज्जाव करते. परंतु स्नेहप्रिय बिस-जीएमएला तेथे सहज शिरकाव मिळतो, आणि तो आत ठाण मांडून बसला की स्निग्ध शृंखलांची शिस्तबद्ध मांडणी विस्कळीत होते. अशा आवरणाचा नमुना म्हणून वापरल्या जाणाऱ्या, डीपीपीसी या फॉस्फोलिपिडाच्या कृत्रिम पुटिका सुमारे ४१ अंश सेल्सिअसला घट्ट अवस्थेतून प्रवाही अवस्थेत जातात. अशा आगंतुकांच्या सहवासात हे तापमान खाली उतरते, आणि आवरणाच्या विस्कळीतपणाचा पुरावा उष्णतामापनातून हाती येतो.

टीईजीडीएमए हा राळ पातळ करणारा रेणू आवरण ओलांडून पेशीतील ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य खर्ची पाडतो. म्हणूनच प्रत्येक पातळ थरावर प्रकाश पुरेसा वेळ धरणे, आणि हवेतील प्राणवायूमुळे अर्धवट राहिलेला वरचा चिकट थर घासून काढणे, या कामांत दंतवैद्याने तसूभरही कसूर करता कामा नये.