बिनहवेची काहील

साखर कारखाना म्हटलं की गव्हाणीत टाकलेली मोळी आठवते, रस्त्यावरची बैलगाड्या-ट्रॅक्टरची रांग आठवते आणि अर्थातच चेअरमन आठवतात. कुठलं पॅनेल आलं आणि कुठलं पडलं, हे तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण ज्या भांड्यात उसाच्या रसाचा दाणा होतो, त्याचं नाव काय, असं विचारलं तर निम्मे सभासद एकमेकांकडे बघतील. त्याचं नाव व्हॅक्यूम पॅन. कारखान्यात नुसतं ‘पॅन’ म्हणतात आणि ते चालवणाऱ्याला पॅनमन.

पॅन का लागला, हे कळायला आधी गुऱ्हाळावर जायला हवं. चुलवाणात चिपाडं पेटलेली असतात, काहिलीत रस उकळत असतो. भेंडीच्या चिकानं आणि चुन्यानं मळी वर आणून काढायची आणि मग आटवत राहायचं. पाणी उडेल तसा पाक घट्ट होतो, आणि पाक घट्ट होईल तसा त्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो. 105 अंशांच्या आसपास काकवी होते. ढेप घट्ट धरायची तर 118 अंशांपर्यंत जावं लागतं. एवढ्या उष्णतेत साखर सुखरूप राहत नाही. रसातली आंबटाई आणि आच मिळून सुक्रोजचा रेणू फोडतात, त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि या दोघांचा पांढरा दाणा त्या काहिलीत काही बनत नाही. उरलेला पाक करपत तांबूस होतो. गुळाचा रंग आणि चव बरीचशी या मोडतोडीतून आलेली. मला स्वतःला पुरणपोळीत तीच मोडतोड हवी असते. पण ज्याला शुभ्र दाणा विकायचा आहे, त्याच्या दृष्टीनं हा निव्वळ तोटा.

पाणी उडवायचं आहे, पण आच लावायची नाही. ही अडचण ज्यानं सोडवली तो साखरवाला नव्हता. एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ. 1800 साली यानं पाऱ्याचं फल्मिनेट हे स्फोटक जगापुढे आणलं आणि त्या प्रयोगांत स्वतःला भाजूनही घेतलं. दोन वर्षांनी बनारसजवळ पडलेल्या उल्केचं पृथक्करण करून तिच्या लोखंडात निकेल असल्याचं दाखवलं. असा माणूस 1813 च्या सुमारास साखरेकडे वळला. त्यानं बंद भांडं घेतलं, त्याला वाफेची ऊब दिली आणि आतली हवा पंपानं काढून टाकली.

तत्त्व आपल्या ओळखीचं आहे. महाबळेश्वरला पाणी साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं, कारण तिथे हवेचा दाब कमी. आणखी वर जावं तसं आणखी कमी. पॅनमध्ये पाऱ्याच्या साधारण 650 मिलिमीटर इतकी हवा उणी करतात. तिथे नुसतं पाणी 54 अंशांच्या जवळपास उकळेल. दाट पाक पासष्ट-सत्तरला खदखदतो. म्हणजे कारखान्याच्या छपराखाली एव्हरेस्टपेक्षाही उंच डोंगर उभा केलेला असतो आणि त्याच्या माथ्यावर साखर शिजवतात. साखर फुटत नाही, करपत नाही.

ही हवा काढतात कशी, ते ऐकण्यासारखं आहे. सगळा भार पंपावर टाकला तर पंप दमून जाईल, कारण पाकातून सारखी वाफ निघतच असते. पण एक लिटर पाण्याची वाफ साध्या दाबाला 1,670 लिटरच्या आसपास जागा व्यापते, आणि तीच वाफ गार पाण्याच्या फवाऱ्यात सापडली की पुन्हा लिटरभर होते. उरलेली जागा रिकामी. पोकळी वाफच तयार करते. पंपाला फक्त चुकार हवा ओढायची असते. हे ज्या कंडेन्सरमध्ये घडतं, त्यातून पाणी एका उभ्या नळानं खाली उतरतं. नळाचं खालचं तोंड पाण्यात बुडालेलं असतं. बाहेरची हवा ते पाणी वर रेटू पाहते, पण तिची ताकद 10.3 मीटरपर्यंतच, आपल्या दख्खनच्या पठारावर त्याहून थोडी कमी. म्हणून कंडेन्सर त्याच्या वर बसवावा लागतो, चौतीस फुटांच्या पुढे. इटलीतल्या टोरिचेल्लीनं सतराव्या शतकात पाऱ्याच्या नळीत हवेचं वजन केलं, तेव्हाच कोल्हापुरातल्या कंडेन्सरची उंची ठरून गेली होती म्हणायची.

दुसरी मोठी करामत न्यू ऑर्लिन्समधल्या एका माणसाची. नॉर्बर्ट रिल्यू, जन्म 1806. वडील गोरे, आई स्वतंत्र कृष्णवर्णीय. पॅरिसला शिकला, तिथेच शिकवूही लागला आणि मग लुईझियानाला परतला. त्या काळी तिथल्या मळ्यांवर उघड्या कढयांची रांग असे आणि गुलाम माणसं उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतत. भाजून माणसं जात आणि सरपणाचा तर हिशेबच नव्हता. रिल्यूनं पाहिलं, की प्रत्येक कढईवरची वाफ फुकट आभाळात जाते आहे. एक किलो पाणी तीस अंशांवरून शंभरला न्यायला 70 किलोकॅलरी पुरतात. पण त्याच शंभराच्या पाण्याची वाफ करायला आणखी 540 लागतात. ती सगळी वाफेच्या पोटात दडून बसते. मग त्या वाफेवरच दुसरी कढई का चढवू नये? अडचण एवढीच, की शंभर अंशांच्या वाफेनं शंभर अंशांना उकळणारा रस उकळत नाही. दुसऱ्या भांड्यातला दाब कमी केला की तिथला रस कमी अंशांना उकळतो आणि अडचण मिटते. तिसऱ्यात दाब त्याहून कमी. 1843 साली त्यानं याचं पेटंट घेतलं.

आज आपल्याकडच्या कारखान्यांत अशी चार-पाच भांडी ओळीनं उभी असतात. पहिल्यात रस शंभराच्या वर, शेवटच्यात पंचावन्न-साठला. हिशेब करून पाहा. शंभर किलो रसात पंधरा किलो घन पदार्थ असतील आणि त्याचा साठ टक्क्यांचा पाक करायचा असेल, तर पंचाहत्तर किलो पाणी उडवावं लागतं. चार भांड्यांत ते जेमतेम एकोणीस-वीस किलो वाफेत उडतं. म्हणून कारखान्याला दगडी कोळसा विकत घ्यावा लागत नाही. उसाचं बगॅसच बॉयलरला पुरतं, वर उरतं आणि त्याच्यावर वीज करून विकता येते. रिल्यू स्वतः म्हातारपणी पॅरिसला जाऊन इजिप्तच्या चित्रलिपीत रमला आणि 1894 साली तिथेच वारला.

भांड्यांच्या ओळीतून निघालेला हा घट्ट पाक पॅनमध्ये येतो, आणि इथून पुढे शास्त्राइतकीच बोटांची जाण लागते. पाकात मावेल त्यापेक्षा जास्त साखर विरघळलेली असली, तरी ती लगेच दाणा धरत नाही. मर्यादेच्या दीड-दोन दशांश वरपर्यंत असा एक पट्टा असतो, की त्यात असलेले दाणे वाढतात पण नवे जन्मत नाहीत. त्या पट्ट्यात पॅनमन स्पिरिटमध्ये दळलेल्या साखरेचं बी सोडतो. पट्टा ओलांडला तर नको असलेले बारीक दाणे आपोआप पडतात. त्याला खोटा दाणा म्हणतात, आणि तो दाण्यापासून पातळ मळी वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्यूगलच्या जाळीत अडकून सगळा घाणा बिघडवतो. पाक सैल झाला, तर आहेत तेही दाणे विरघळायला लागतात. पॅनमन मधूनमधून दांड्यानं नमुना काढतो, काचेवर पसरून दिव्यासमोर धरतो, अंगठा आणि तर्जनीमध्ये तार ओढून पाहतो. आजी चिरोट्यांसाठी पाक बघायची, तसाच. आता मीटर आले, स्क्रीनवर आलेख आले, अखंड चालणारे पॅन आले. तरी बोटं पुढे येतातच. बाजारातल्या एस, एम, एल या साखरेच्या प्रती म्हणजे पॅनमननं दाणा किती वाढू दिला, याचाच निकाल.

लोणीला 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. त्याची कथा सहकाराची म्हणून सांगितली जाते, आणि ते बरोबरच आहे. पण सहकार नवा असला, तरी पॅन तेव्हा सव्वाशे वर्षांहून जुना होता. ऊसवाल्यानं काहिलीतून पॅनकडे जाणं, हाही त्या कथेतला मोठा बदल होता. त्यावर फारसं कुणी लिहिलं नाही.

2018 नंतर इथेनॉलचं वारं आलं. आता पुष्कळ कारखाने मळी पुन्हा शिजवून काढायचा शेवटचा, सगळ्यात चिवट ‘सी’ घाणा शिजवतच नाहीत. त्याआधीच्या ‘बी’ घाण्यातून निघालेली, साखर शिल्लक असलेली बी-हेवी मळी सरळ डिस्टिलरीला देतात. काही तर पाकच देतात. पॅनवरचं काम तेवढं हलकं झालं आहे, आणि जुन्या पॅनमनना ते फारसं रुचत नसावं.

दिवाळीनंतर पुणे-सोलापूर रस्त्यानं जाल, तेव्हा कारखान्याच्या आवारात तळं आणि त्यात उडणारे फवारे दिसतील. ती शोभेची कारंजी नव्हेत. कंडेन्सरमधून तापून उतरलेलं पाणी तिथे हवेत उडवून निववतात आणि पुन्हा वर चढवतात. थंडीच्या पहाटे त्या तळ्यावर वाफ दाटलेली दिसली, तर वर पॅन चालू आहेत असं समजा.